डोळे उमेदवाराचे नाहीत

उन्नतीचा घसा दुखू लागला, ही तशी खासगी बाब होती. परंतु नागपुरात मानेवाडा भागातल्या ज्या इमारतीत ती राहत होती, तिथे दुखणं सामायिक मालमत्तेत मोडतं, गच्चीसारखं. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरच्या शोभाताई बिस्किटांचा डबा घेऊन हजर झाल्या. डब्यात इमारतीतल्या सर्व जुन्या आजारांच्या उरलेल्या गोळ्या होत्या.

"हे घे वं. तुह्या काकाले कफ झाला होता ना, तेव्हाच्या आहेत. लय पावरफुल. दोन दिवसांत घसा मोकळा."

"काकू, ही अँटिबायोटिक आहे. डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय..."

"डॉक्टरनंच तर लिहून देल्या होत्या. तुले नाही तं काकाले. आपल्यात काय परकं आहे?"

उन्नतीनं औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली होती आणि औषध निरीक्षक पदाची परीक्षा तोंडावर आली होती. चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणाऱ्यांना पकडणं हे त्या पदाचं एक मुख्य काम. त्याच अभ्यासाला वेळ कमी पडत असल्यामुळे तिनं गोळ्या घेतल्या.

घसा खरोखरच दोन दिवसांत बरा झाला. मग डोळ्यांना उजेड सोसेना. बाहुल्या मोठ्या झाल्या त्या लहान व्हायचं नाव घेईनात, तेही नागपूरच्या मे महिन्यात. नेत्रतज्ज्ञांनी तपासलं आणि शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यांना आनंदानं हाक मारली. बुबुळांचा रंग भुकटीसारखा झडत होता आणि बाहुली आवळणारा स्नायू काम सोडून बसला होता. संशय त्या गोळ्यांवर होता.

"फारच दुर्मिळ," ते म्हणाले. "मी आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. अभिनंदन म्हणत नाही, पण..."

त्यांनी थेंब लिहून दिले, काळा चष्मा सुचवला आणि एक प्रमाणपत्र दिलं.

परीक्षा केंद्राच्या फाटकावर पहारेकरी रुपरावनं तो चष्मा काढून घेतला. आत रीना नावाची कर्मचारी प्रत्येकाच्या बुबुळांचा फोटो अर्जाच्या वेळच्या फोटोशी यंत्रानं जुळवत होती.

"डोळे उघडे ठेवा ना ताई."

"उघडेच आहेत. पाणी येऊन राहिलं."

रीनानं यंत्र पुसलं, मग उन्नतीला डोळे पुसायला लावले. "नाही जुळून राहिले."

"मग अंगठा घ्या."

"अंगठा डोळे नसले तर. तुम्हाले डोळे आहेत."

"आहेत, पण जुळत नाहीत ना."

"तेच म्हणते मी. आहेत, पण तुमचे नाहीत."

केंद्रप्रमुख ठवकर सरांना बोलावण्यात आलं. पहाटेपासून सूचना ओरडून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी प्रमाणपत्र वाचलं. "डोळ्यांत बदल झाल्यास पंधरा दिवस आधी कळवायचं असतं."

"सर, बदल गेल्याच आठवड्यात झाला."

"मग त्याच्या आधी कळवायचं."

मुख्यालयाला फोन लावला गेला. मुख्यालयानं सोपा मार्ग सांगितला: उमेदवारानं नव्या डोळ्यांची नोंद करून घ्यावी, आणि नोंदीपूर्वी आपली ओळख जुन्या डोळ्यांनी पटवावी.

"घरी ठेवून आल्या काय?" रुपरावनं सहानुभूतीनं विचारलं.

आता नियमानुसार समोरची व्यक्ती तोतया ठरत होती. तोतयाला आत सोडता येत नव्हतं, आणि तक्रार करायची तर तोतयाचं नाव लागत होतं.

"नाव?"

"उन्नती."

"तेच तर तुम्ही नाही."

फाटक बंद व्हायची पहिली घंटा झाली. पुढची भरती निघेपर्यंत उन्नतीची वयोमर्यादा संपणार होती. "सर, ही शेवटची संधी आहे माझी," ती म्हणाली.

ठवकर सर प्रमाणपत्र पुन्हा वाचत होते. वाचता वाचता त्यांनी तिला खांबाआड बोलावलं. "इथे लिहिलंय, घसा दोन दिवसांत बरा झाला."

"हो. पण खाली डोळ्यांबद्दल लिहिलंय."

"ते वाचलं. गोळीचं नाव वाचता येऊन नाही राहिलं. डॉक्टरचं अक्षर."

"सर, डोळ्यांचं असं होऊ शकतं."

"दुर्मिळ आहे ना? आणि मले कुठं परीक्षा द्यायची आहे." त्यांनी खाकरून पाहिलं, आवाज फुटला नाही. "यंत्र चाललं नाही तर केंद्रप्रमुख उमेदवाराची ओळख स्वतः पटवून घेऊ शकतो. माझ्या डोळ्यांना तुम्ही उन्नती दिसू शकता."

उन्नतीनं मागे पाहिलं. रुपराव फाटकाची साखळी ओढत होता. तिनं गोळीचं नाव सांगितलं. हळूच सांगितलं, तरी रीनानं ते तळहातावर लिहून घेतलं, आणि रुपरावनं "जेवणाआधी का जेवल्यावर?" एवढंच विचारलं.

ओळख पटली. पेपरही बरा गेला. सगळं सुरळीत झालं तर पुढच्या वर्षी उन्नती जिल्ह्यातली औषधांची दुकानं तपासायला निघेल.

या हकिकतीत गोळीचं नाव मुद्दामच दिलेलं नाही. ते कुठे चुकून राहून गेलंय का, हे पाहायला वरचा मजकूर पुन्हा चाळणाऱ्या वाचकांनी आधी एवढंच सांगावं: घसा कधीपासून दुखतोय?