संपतरावांचे आकडे

फोनवर कुणी ‘नाव नीट सांगा’ म्हटलं, तर तुम्ही-आम्ही ‘क कमळातला’ म्हणतो. आमच्या बारामतीच्या ऑफिसातले संपतराव गवारे म्हणतात, "क. दोन हजार तीनशे पंचवीस." पलीकडचा फोन ठेवून देतो. "आकडा सांगितला तरी कळंना मानसाला," म्हणून संपतराव हळहळतात.

त्याचं असं आहे, की कॉम्प्युटरला अक्षर-बिक्षर काही कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक ठरलेला आकडा. त्या आकड्याचं अक्षर करावं तेव्हा ते आपल्याला वाचता येतं. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्रॅम बनवतो. सगळे लोक ज्या सोप्या भाषांत प्रोग्रॅम लिहितात, त्यांना संपतराव नाक मुरडतात. त्यांनी फंक्शनल नावाच्या पंथातली एक सोवळी भाषा धरलीय. तिच्यात आकडा तो आकडा, अक्षर ते अक्षर. एकाचं दुसरं करायचं तर तसं उघड सांगावं लागतं.

"बाकीच्या भाषांत आकड्यात अक्षर मिसळलं तरी कुणी इचारत न्हाय. दुधात पानी घातल्यागत. आपल्याकडं चालायचं न्हाय!"

एखाद्या आकड्याला अक्षरच नसेल, तर त्यांचा प्रोग्रॅम त्याला दारातूनच परत पाठवतो. "न्हाय त्याला न्हाय म्हनायचं, मॅडम. अंदाजपंचे कायबी द्यायचं न्हाय." हे ते मला दिवसातून एकदा तरी ऐकवतात. केंद्रांच्या तक्रारींचे फोन मी घेते, त्यामुळे मला कुणाचंही ऐकून घ्यायची हौस आहे असा त्यांचा समज आहे.

वडगाव निंबाळकरच्या एका केंद्रावर नवा प्रोग्रॅम बसवला, तेव्हाची गोष्ट. पहिली पावती संपतरावांनी स्वतः तपासली आणि "झ्याक हाय" म्हणून पास केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथं दूध घालणाऱ्या एकाचा फोन आला.

"मॅडम, माझं नाव कुठं गेलं? हितं नुसतं आकडंच हायेत!"

मी पावतीचा फोटो मागवला. नावाच्या जागी २३४८, २३४८, २३४४. आकड्यांची अक्षरं करायची पायरीच राहून गेली होती. मी फोटो संपतरावांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला आणि फोन हातात घेतला.

"बरोबर तर हाय की! बबन. तुमीच न्हवं बबनराव?"

"व्हय, मीच. पर तुमाला कसं कळलं?"

"लिवलंय की समोर!"

गृहस्थ आकडेच इतक्या सराईतपणे वाचतात, की पावतीवर एकही अक्षर नाही हे तपासताना त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. तोवर गावातल्या एकेकाला त्याचं स्वतःचं नाव ते फोनवरून वाचून दाखवत होते.

पन्नाशीला टेकलेला हा माणूस बिनलग्नाचा. कळसला घरी तो आणि त्याची आई, दोघंच. मागच्या वर्षी आईला लकवा मारला. कान चांगले, डोकं शाबूत, पण वाचा गेली. आलेगेले तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायचे, जणू ती खोलीत नाहीच. संपतरावांना ते सोसवेना. आईला आपलं म्हणणं मांडता आलं पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. ऑफिसात ते याबद्दल अवाक्षर काढत नसत.

परवा शेळगावच्या केंद्रावर काम होतं. येताना वाट वाकडी करून मी कळसला गेले. आई खाटेवर टेकून बसल्या होत्या, डाव्या हातात टीव्हीचा रिमोट. भिंतीवर संपतरावांनी मोठ्या ठळक अक्षरांत तक्ता लावलेला. प्रत्येक अक्षराखाली छोटासा आकडा. आई चौथी शिकलेल्या. त्या अंगठ्यानं आकडा दाबत आणि टीव्हीवर अक्षर उमटे. मला पाहून त्यांनी सावकाश दाबलं. ब. मग स.

"बस म्हनतीया तुमाला," संपतराव म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी ऑफिसात कधी पाहिला नव्हता.

मी बसले. मग आईंचा अंगठा घसरला आणि तक्त्यात कुठंच नसलेला आकडा दाबला गेला. तरी पडद्यावर ‘व’ आलाच.

"हे कसं?" मी हळूच विचारलं. "याला अक्षर कुठंय?"

संपतराव ओशाळले. "शेजारचं अक्षर देतो मी तिला. तिनं दाबलंय म्हंजे कायतरी म्हनायचंच असनार. तिला न्हाय कसं म्हनू, मॅडम?"

तेवढ्यात आईंनी पडदा पुसला आणि लेकाकडं बघत पुन्हा दाबायला घेतलं. ए. क. ट. मग काना.

एकटा.

हे एवढं मात्र संपतरावांनी मला वाचून दाखवलं नाही.

"बोट चुकलं तिचं," ते म्हणाले. "तुमी बसा, मी च्या टाकतो."

आईंनी मान हलवली. पडदा पुसला, आणि तीच अक्षरं एकेक करून पुन्हा दाबली.