नावेला चार स्पीकर

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती आणि त्या नदीवर एकच नाव होती. ती कासवबुवा चालवायचे. वैद्यकी करणारं अस्वल पलीकडे राहायचं, त्यामुळे आजारी पडलेल्याला नावेशिवाय गत्यंतर नव्हतं.

दर उन्हाळ्यात नाव काठावर ओढून पालथी घालायची, फटींत कापूस ठासायचा आणि वरून डांबर फासायचं, असा रिवाज होता. त्या साली मात्र जंगलाने ठरवलं की डांबर काय, दरवर्षीच फासतो. यंदा नावेत गाणी हवीत.

स्पीकर निवडायला समिती नेमली. समितीतल्या एकालाही कधी नदी ओलांडायची नव्हती. त्यामुळे समिती अगदी निःपक्षपाती होती.

अध्यक्ष गवा म्हणाला, "बेस असा पाहिजे की छाती हादरली पाहिजे."

शहरालगत राहून आलेलं साळिंदर जाणकार समजलं जाई. ते म्हणालं, "मग ॲम्प्लिफायर मोठाच घ्या. आणि स्पीकर चार. दोन या काठाकडे तोंड करून, दोन त्या काठाकडे."

"आणि नावेत बसणाऱ्यांना?" कासवबुवांनी विचारलं.

"त्यांचं काय, ते जवळच असतात की."

रंग कुठला, वॅट किती, यावर समिती दोन महिने भांडली. उन्हाळा सरला. मग साळिंदराने नावेच्या फळ्यांना चार गोल भोकं पाडली. तीही पाण्यालगत, कारण म्हणे तिथे आवाज घुमतो.

"अहो, पाणी आत येईल," बुवा म्हणाले.

"स्पीकर वॉटरप्रूफ आहेत," साळिंदर म्हणालं.

बुवांना फार वाईट वाटलं. पण समितीपुढे नावाड्याचं काय चालणार?

पहिल्याच फेरीला ससीण तापाने फणफणलेलं पिल्लू घेऊन बसली. गाणं सुरू झालं. काठावर गवा डुलू लागला. नाव नदीच्या मध्यावर पोहोचली तेव्हा त्याची छाती हादरली, नावेच्या फळ्याही हादरल्या, आणि नाव गाण्यासकट तळाशी गेली. बुवांनी मायलेकरांना पाठीवर घेऊन कसंबसं पलीकडे पोहोचवलं. त्यात त्यांची पाठ कामातून गेली आणि तेही वैद्याकडेच पडून राहिले.

अलीकडे समितीची तातडीची सभा भरली. सगळे हळहळत होते. गाणं अर्ध्यातच राहिलं होतं.

चार दिवसांनी पलीकडून ससीण ओरडून म्हणाली, "पोराचा ताप उतरला हो. घरी यायचंय. नाव धाडा."

गव्याने तिची समजूत घातली, "बाई, जरा दम धरा. आधी ॲम्प्लिफायर कुठला घ्यायचा ते ठरू दे. नावेचं मग बघू."

तात्पर्य : ज्याला पलीकडे जायचं असेल त्याने पोहायला शिकावं. ज्याला अलीकडेच राहायचं असेल त्याने नावेसाठी स्पीकर निवडावेत.