गोगलगायींचा निबंध आणि माझे समास

समास कसा सोडावा हे मला शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! पंचवीस वर्षं आवक-जावक विभागात काढलीत मी. वाकड्या समासाचा एक अर्ज माझ्या खिडकीतून आत गेला असेल तर शपथ! एकदा तर खुद्द आमच्या साहेबांचा रजेचा अर्ज मी परत पाठवला होता. त्यांनी तो मुकाट्याने पुन्हा लिहून दिला आणि मला तीन महिने पाकिटं चिकटवायला बसवलं. पण ते जाऊ द्या.

सांगायचा मुद्दा असा, की आमच्या हिचा शोधनिबंध पाठवायची वेळ आली तेव्हा घरात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गेली चार वर्षं ती आणि माझी धाकटी बहीण मिळून गोगलगायींचा अभ्यास करतायत. गोगलगायी हिच्या, आकडेमोड धाकटीची. आणि बाथरूम माझी, असं मी समजत होतो, पण तिथे आता काचेच्या चार पेट्या आहेत. चाळीस जणी मान वर करून बघत असताना आंघोळ करणं सोपं नाही हो!

एका जर्नलचा गोगलगायींवर खास अंक निघणार होता. निबंध पाठवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. हिच्या बढतीचा अर्ज सोमवारी जायचा होता, आणि त्याला निबंध दाखल झाल्याची पोच जोडणं सक्तीचं होतं. पोच नाही तर बढती नाही, पुढची संधी थेट तीन वर्षांनी. आणि नेमकी शुक्रवारी हिची दिवसभर प्रात्यक्षिक परीक्षा!

"निबंध तयार आहे हो," ही कपाळाला हात लावून म्हणाली, "पण ही त्यांची नियमावली बघा. चौतीस पानं! निबंध बावीस पानांचा आणि नियम चौतीस!"

"आण इकडे," मी म्हणालो. "नियमावली म्हणजे माझं माहेर!"

"तुम्ही? नको बाई."

"अगं, रजा टाकतो शुक्रवारी. दुपारच्या चहाच्या आत पोच तुझ्या हातात!"

हिने कॅलेंडरकडे बघितलं. शेवटी नाइलाज होता म्हणून मान हलवली. "एकाही शब्दाला हात लावायचा नाही. फक्त मांडणी. आणि समासात आम्हा दोघींचे शेरे आहेत, ते काढून टाका. वाचत बसू नका!"

"मी कशाला वाचू? मला गोगलगायीतलं काय कळतं?"

शुक्रवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी कॉम्प्युटरपुढे बसलो. अक्षरं बारा आकाराची केली. दोन ओळींतलं अंतर दुप्पट केलं, तर बावीस पानांची एकावन्न झाली! तक्ता क्रमांक पाच धडपडत पुढच्या पानावर गेला. त्याला मागे ओढला, तर शंखाचं चित्र संदर्भसूचीत जाऊन बसलं. पण मी हटलो नाही. दीड वाजेपर्यंत सगळे समास असे सरळ केले, की पट्टी लावून बघावं!

मग आला नियम एकोणीस. लेखकांची ओळख पटेल असं काहीही फाइलमध्ये नको, म्हणजे निबंध तपासणाऱ्याला लिहिणारा कोण ते कळत नाही. मी पहिल्या पानावरून दोघींची नावं उडवली. आभाराचं पान काढलं. समासातल्या प्रत्येक शेऱ्याच्या डोक्यावर दोघींपैकी एकीचं नाव होतं, तीसुद्धा एका फटक्यात पुसली. आता प्रत्येक शेऱ्यावर नुसतं 'लेखक'. काम कसं चोख हवं!

राहिले शेरे. एकशे शहाऐंशी! एकेक पुसायचा म्हणजे संध्याकाळ झाली असती. तेवढ्यात मला एक बटण सापडलं. ते दाबलं आणि सगळे शेरे गायब! पान धुतल्यासारखं स्वच्छ. पंचवीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हाच, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा.

फाइल चढवली. त्यांच्या यंत्रणेने स्वतःची एक प्रत बनवली आणि विचारलं, 'प्रत तपासून मंजूर करावी.' आता तुम्हीच सांगा, 'तपासले' असा शिक्का मारताना ऑफिसात कधी कुणी तपासतं का? मी मंजूर केली. तीन वाजून दहा मिनिटांनी पोच आली. ती छापून, फायलीत लावून चारच्या सुमारास मी चहाचं आधण ठेवलं.

सव्वाचारला ही आली. पोच बघून इतकी खूश झाली, की चप्पल न काढताच दाखल झालेली प्रत बघायला कॉम्प्युटरपुढे बसली. मी कप घेऊन बाहेर आलो तर ही पुतळ्यासारखी.

"अहो, हे काय आहे?"

मी कप टेबलावर ठेवून पडद्याकडे बघितलं. प्रत्येक पानाच्या उजवीकडे, मी सरळ केलेल्या त्या सुंदर समासात, एकशे शहाऐंशी शेरे! माझ्या बटणाने ते फक्त झाकले होते. यंत्रणेने बिचारीने इमानदारीने सगळे छापले.

मी वाकून वाचलं. 'हे इथे कशाला? काही काम करत नाही, नुसती जागा अडवून बसलंय.' खाली उत्तर: 'राहू दे गं. इतक्या वर्षांची सवय झालीय.'

"हे माझ्याबद्दल लिहिलंय?" मी विचारलं.

"तक्ता पाचबद्दल आहे!"

"आणि हे? 'डिवचलं की आत जाऊन बसतो, जेवणाच्या वेळी बरोबर बाहेर येतो'?"

"तो नर क्रमांक बारा!"

"गोगलगायीत नर-मादी वेगळे नसतात असं तूच सांगितलं होतंस."

हिने घाईघाईने पान पुढे सरकवलं. मी पुढे वाचलं. शेरा सत्त्याण्णव: 'हे वाक्य आमच्या घरच्या साहेबांसारखं झालंय. जोरात सुरू होतं, मध्ये चार नियम सांगतं आणि शेवटी हाती काही लागत नाही.'

"हे कुणी लिहिलं?"

"धाकटीने," ही म्हणाली.

मी धाकटीला फोन लावला. "दादा, देवाशपथ, वहिनीने!" ती म्हणाली.

आता ठरवणार कसं? प्रत्येक शेऱ्यावर 'लेखक'. नावं मीच पुसलेली!

पण हिचे डोळे भरून आले आणि माझा सगळा राग पळाला. "चार वर्षं हो," ही म्हणाली. "संपादक हे वाचणार आणि हसून बाजूला टाकणार." मला माझीच लाज वाटली. मी जर्नलच्या ऑफिसला फोन लावला. पाचला वीस मिनिटं होती.

"दाखल झालेला कागद बदलता येत नाही," पलीकडून एक बाई कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या.

"अहो, पण चूक झालीय."

"तुम्ही तपासून मंजूर केलाय. तीन दहाला."

"परत घेतला तर?"

"पोच रद्द होईल. नवीन दाखल करा, पण एकदा परत घेतलेल्याची आधी छाननी होते, तिला एक दिवस लागेल. आणि मुदत आज पाचची."

हेच वाक्य, ह्याच आवाजात, मी खिडकीत बसून दिवसातून तीस वेळा म्हणतो. पलीकडच्या माणसाला कसं वाटतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"राहू दे," ही डोळे पुसत म्हणाली. "पोच तरी आहे." सोमवारी अर्ज गेला. पुढचे बारा दिवस घरात माझ्याशी फक्त गोगलगायी बोलत होत्या.

तेराव्या दिवशी संपादकांचं पत्र आलं. हिने ते उभ्यानेच मोठ्याने वाचलं. 'समासातील शेरे काढून निबंध तपासणीस पाठवला आहे. काम उत्तम आहे. लेखकांची ओळख निबंधात कुठेही उघड होत नाही, याबद्दल अभिनंदन. लेखकांच्या घरातील साहेबांची ओळख मात्र आमच्या संपूर्ण कार्यालयाला झाली आहे. शेरा सत्त्याण्णवशी आम्ही सहमत आहोत. ते वाक्य कृपया छोटे करावे.'

ही इतकी हसली, की पत्र हातातून पडलं. त्या हसण्यासाठी मी आणखी एकशे शहाऐंशी शेरे खाल्ले असते.

बढती झाली. निबंधही छापून आला. दुरुस्त केलेली प्रत हिने स्वतः पाठवली. मी खोलीत डोकावलो तर दार लावून घेतलं. शेवटी आभाराच्या पानावर एक ओळ आहे: 'अंतिम प्रतीला हात न लावल्याबद्दल घरच्या साहेबांचे विशेष आभार.'

मी तो अंक ऑफिसात सगळ्यांना दाखवला. माझे आभार, तेही छापील! फक्त एक सांगू? ती ओळ समासाच्या अर्धा सेंटिमीटर आत गेलीय. मी पट्टी लावून बघितलं. पण घरी काही बोललो नाही.