काशीरामच्या गाडीला थंडी भरते

मे महिन्यातल्या रविवारी सकाळी दहा वाजता, अख्खं पनवेल सावली शोधत फिरत असताना, काशीराम कोळी तळोज्याच्या एका कोल्ड स्टोरेजच्या दारात उभा राहून आपल्या पिकअपच्या काचेवरचा बर्फ कालथ्यानं खरवडत होता. कालथा कँटीनमधून आणलेला होता. चेहऱ्यावर मात्र असा भाव होता, की गाडी अशीच साफ करतात आणि इतरांना हे ठाऊक नाही, हा इतरांचा दोष.

काशीराम हॉटेलांना आणि लग्नकार्यांना मासळी पुरवत असे. गेल्या दिवाळीत त्यानं डिझेलचा टेम्पो विकून ही विजेवरची पिकअप घेतली, मागे बंद पेटी असलेली. बाजारात पहिली. "तुमी बसा धूर खात," असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हिवाळाभर गाडी गुणाची वागली. मे उजाडला आणि चार्जिंगला लावली की पडद्यावर लाल अक्षरं येऊ लागली: बॅटरी गरम आहे, चार्जिंग सावकाश होईल.

"मोबाइल तापला की आपन काय करतो?" काशीरामनं बायकोला, किशोरीला, विचारलं.

"तुमी आपटता."

"पंख्याखाली धरतो! म्हनजे गाडीला काय पायजे? गारवा."

आणि गारवा तर ओळखीतला होता. कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर शैलेश त्याच्या रोजच्या बसण्याउठण्यातला. शनिवारी दुपारी काशीरामनं गाडी थेट त्याच्या गोदामाच्या दारात नेली.

"काशीरामशेठ, आत उणे अठरा असतं," शैलेश म्हणाला.

"तुझ्याकडं मासली खराब होते का?"

"नाही."

"चार-चार महिने ऱ्हाते?"

"राहते."

"मग माझी गाडी एका रात्रीत कशी खराब व्हईल?"

शैलेशनं गोदामाचं दार उघडलं. गाडी आत गेली, दाराजवळच्या प्लगला लागली, आणि काशीराम हात चोळत घरी आला. हात थंडीनं चोळत होता, पण बघणाऱ्याला तो समाधानानं चोळतोय असं वाटलं.

आता रविवारी सकाळी गाडी बाहेर आली होती आणि रात्रभरात एक टक्काही चार्ज झाली नव्हती. काल चौदा टक्के होते, आज चौदाच. पडद्यावर निळ्या रंगाचं नक्षीदार फूल आलं होतं.

"फूल चांगलं हाय," काशीराम म्हणाला. "कंपनीची काईतरी स्कीम असंल."

रिक्षानं नुकतीच येऊन पोचलेल्या किशोरीनं वाकून बघितलं. "अवो, बर्फ हाय तो. बर्फाचं चिन्ह."

मासळी तर पेटीत भरून झाली होती. ऐंशी किलो, सुरमई आणि हलवा. रोडपालीच्या महादेव ठाकुरांच्या नातवाची हळद होती, आणि ठाकुरांच्या हळदीला मासळी उशिरा पोचली, तर उलव्यापासून उरणपर्यंतची पुढची सगळी लग्नं हातची जाणार, हे काशीरामला कोणी सांगायला नको होतं.

"मिथुनचा टेम्पो बोलवू?" किशोरीनं विचारलं.

मिथुन म्हणजे काशीरामच्या नव्या गाडीला 'खेळणं' म्हणणारा दुसरा मासळीवाला. "त्यापेक्षा डोक्यावरून नेईन," असं म्हणून काशीरामनं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडून ऋचा नावाच्या मुलीचा गोड आवाज आला.

"सर, स्क्रीनवर बॅटरीचं टेम्परेचर किती दाखवतंय?"

"उणे अकरा."

"सर, तुमचं लोकेशन?"

"तळोजा."

"सर, सिस्टिममध्ये तळोजा पनवेलजवळ दाखवतंय."

"बरोबर दाखवतंय."

"पण सर, पनवेलला आत्ता एकोणचाळीस आहे."

"ते बाहेर," काशीराम म्हणाला. "गाडीचा प्रश्न वेगला हाय."

ऋचानं कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. "ओके सर. थंड प्रदेशातल्या ग्राहकांसाठीच्या सूचना वाचते. तुमच्याकडे हिमवृष्टी चालू आहे का?"

"थांबली," काशीराम न चाचरता म्हणाला. किशोरीनं कपाळाला हात लावला.

सूचना अशा होत्या: इतक्या थंडीत बॅटरी चार्ज होत नाही. गाडी उन्हात ठेवावी. जाळ करू नये. शक्य असल्यास सावकाश चालवावी, चालवल्यानं बॅटरीला ऊब येते. "आणि सर, घरातून निघताना स्वेटर घाला," ऋचानं आपुलकीनं सांगितलं.

गाडी उन्हात उभी केली. पण तेवढ्यात कारखान्यांची पाळी सुटली. घामानं निथळणारी माणसं फाटकातून बाहेर आली, तर समोर एक पांढरी पिकअप, अंगावरून पाणी ठिबकतंय आणि जवळून जाताना सुखद गारवा. एकानं दाराला पाठ टेकली. दुसऱ्यानं गाल. पाच मिनिटांत गाडीभोवती तीसेक माणसं डोळे मिटून उभी होती आणि उन्हाचा एकही किरण गाडीला लागत नव्हता. सरबतवाल्यानं तर आपल्या बाटल्या बॉनेटवर मांडल्या.

"बाजूला व्हा! तिला ऊन लागू द्या!" काशीराम ओरडला.

"काका, आमाला लागून लागून कंटाला आलाय," गर्दीतून उत्तर आलं.

फोन वाजला. महादेव ठाकूर. "काशीराम, आचारी कढया मांडून बसलाय. तू हायस कुठं?"

"कलंबोलीत शिरलो बगा!"

फोन खिशात टाकून काशीराम गाडीत चढला. सीट इतकी गार, की तो उडी मारून परत उठला. सरबतवाल्याच्या बाटल्या खाली उतरवून शेवटी गाडी निघाली. पडद्यावर बर्फाशेजारी आता कासवही आलं आणि वेग ताशी आठ किलोमीटरच्या पुढे जाईना. मागे बंदराकडे निघालेल्या कंटेनरांची रांग लागली. सगळे भोंगे एकदम वाजत होते. सायकलवरून पुढे गेलेला एक म्हातारा वळून म्हणाला, "ओ, टाकी फुटलीय तुमची!"

"फुटली नाय, घाम आलाय तिला," काशीरामनं सांगितलं.

पुढच्या नाक्यावर हवालदारानं हात केला. "काय वरात काढलीय का? बाजूला घ्या."

त्यानं दरडावण्यासाठी दारावर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहिला. मग दुसराही ठेवला. मग टोपी काढली.

"कुठं जायचंय?" त्यानं मऊ आवाजात विचारलं.

"रोडपाली. हलद हाय."

"चला, सोडतो." आणि हवालदार दाराला हात लावून गाडीबरोबर चालत निघाला. त्याला बघून कंटेनरांचे भोंगे बंद झाले. दोन सिग्नल गाडीनं अशा थाटात पार केले, की लोक आत कोण बसलंय ते वाकून पाहू लागले. काशीरामनं एक-दोघांना हातही केला. किशोरी पदर तोंडावर घेऊन बसली.

एक वाजायला दहा मिनिटं असताना गाडी ठाकुरांच्या मांडवाबाहेर पोचली आणि हवालदार नाइलाजानं परत फिरला.

महादेव ठाकूर तणतणत पुढे आले. "कलंबोली ते रोडपाली दीड तास?"

काशीरामनं पेटीचं दार उघडलं. रात्रभर उणे अठरात मुरलेला थंडावा पांढऱ्या वाफेसारखा बाहेर आला आणि मांडवात पसरला. हळद वाटणाऱ्या बायकांचे हात थांबले. आचारी झाऱ्यासकट पुढे आला. ठाकुरांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं, पण आता त्यातून "आहाहा" एवढंच निघालं.

"सुरमई अशीच आणावी लागते," काशीराम म्हणाला. "ती घाईत खराब व्हते."

मासळी उतरली, एकेक तुकडा दगडासारखा. ठाकूर इतके खूश झाले, की पुढच्या आठवड्यातली मेव्हण्याच्या घरची हळदही त्यांनी तिथल्या तिथे काशीरामच्या गळ्यात घातली. "मिथुनला सांगितलं होतं, पन राहू दे. गाडी मातर अशीच गार पायजे."

"आमची दुसरी गाडीच नाय," काशीराम म्हणाला. ते खरंच होतं.

एवढ्यात मांडवात हाकाटी झाली. भीमाबाई सापडत नव्हती. भीमाबाई म्हणजे धवलारीण, धवले गाऊन लग्नाचे सगळे विधी करणारी म्हातारी. तिनं आवाज लावल्याशिवाय नवऱ्याला हळदीचं बोट लागत नाही. बायका घरात बघून आल्या, विहिरीवर बघून आल्या. शेवटी पिकअपमधूनच खणखणीत सूर आला.

रिकाम्या क्रेटवर मांडी घालून भीमाबाई पेटीत बसली होती. धवला गात होती.

"आजी, उतरा. मला गाडी चार्जिंगला लावायचीय," काशीराम म्हणाला.

"मी नाय उतरायची. सत्तर वर्सं घामात गायले. नवऱ्याला हितं आना."

ठाकुरांनी काशीरामकडे बघितलं, काशीरामनं ठाकुरांकडे. मग पाट आला, पाटावर नवरा आला, हळदीची वाटी आली. मागोमाग मामी, मावशी, करवल्या दाटीवाटीनं चढल्या. किशोरीनंही पदर खोचला, काशीरामकडे न बघता वर चढली आणि भीमाबाईशेजारचा क्रेट पकडला.

काशीराम एकटा खाली राहिला. डोक्यावर ऊन, हातात चार्जिंगची वायर. तो अजून काहीतरी ठामपणे सांगणार होता, तेवढ्यात भीमाबाईनं गाणं मध्येच थांबवून त्याच्याकडे बोट केलं.

"ए पोरा, अर्धं दार ओढून घे. गारवा चाललाय."

काशीरामनं मुकाट्यानं दार ओढून घेतलं.