नवसाला पावलेलं जहाज

मी बालवाडीत शिकवते. वर्षाच्या पहिल्या दिवशी दारात रडणाऱ्या आयांना (मुलं क्वचितच रडतात) मी ठरलेलं एकच वाक्य सांगते, "जा, मागं वळून पाहू नका." हे वाक्य मी फार आत्मविश्वासाने सांगायची. तेव्हा मला मूल नव्हतं. आता अडीच वर्षांची निली आहे. वाक्य तेच आहे, आत्मविश्वास गेला.

तर एकोणऐंशीच्या मार्चमध्ये माझा नवरा मेईर कारखान्यातून एक रंगीत पत्रक घेऊन आला. कामगार समितीने सवलतीच्या दरात जहाजाची सहल ठरवली होती. हैफाहून निघायचं, ऱ्होड्स, अथेन्स आणि परत हैफा.

"जायचं?" त्याने विचारलं.

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारची योखेवेद वाटी घेऊन साखर मागायला आली. पत्रकाकडे बघून म्हणाली, "तू आणि जहाज? निलीला सोडून तू कोपऱ्यावर पाव आणायला जात नाहीस."

"जायचं," मी म्हणाले.

(माझ्या आयुष्यातले सगळे मोठे निर्णय योखेवेदने घेतलेले आहेत.)

पत्रकाच्या मागं बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. एक, तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. दोन, तेलाचे भाव वाढल्यास भाडं वाढेल किंवा मार्ग आखूड होईल. मी पहिली ओळ दहा वेळा वाचली. दुसरी आम्ही दोघांनीही वाचली नाही.

निलीला सासूबाईंकडे ठेवायचं ठरलं. सासूबाई, म्हणजे जेमायमाबाई, मूळच्या रेवदंड्याच्या. मी त्यांना एकतीस सूचनांचा कागद दिला. त्यांनी तो चष्मा न लावता वाचला आणि मेथीच्या डब्याखाली ठेवला.

"सहा पोरं वाढवली मी," त्या म्हणाल्या. "एकही कागदावर वाढवलं नाही."

त्या शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावून मी डोळ्यांवर हात धरले आणि कुणाला न सांगता नवस बोलून गेले. "एलियाहू हन्नाबी, योखेवेदला सांगून बसलेय, तेव्हा जावं तर लागेलच. पण ते जहाज माझ्या निलीपासून फार लांब जाऊ देऊ नकोस. मलिदा करीन." कोकणातून इथं आलेल्या आमच्या ज्यू लोकांत एलियाहू प्रेषिताला बोललेला नवस नारळ घातलेल्या गोड पोह्यांच्या मलिद्याने फेडतात, आणि तो पावतो, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. इतका पावतो हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात सहलीचा एजंट दोव याचं पत्र आलं. इराणचं तेल बंद, सबब भाडं पाव पटीने जास्त. मेईर खुर्चीत बसला. नवीन सोफ्यासाठी ठेवलेले पैसे भरले. जूनमध्ये दुसरं पत्र आलं. आता एक तर भाडं आणखी तिसऱ्या हिश्श्याने वाढवा, नाही तर अथेन्स सोडा. समितीने हात वर करून अथेन्स सोडलं.

मेईर उदास होता. मी तोंडाने "अरेरे" म्हटलं आणि नकाशावर पट्टी ठेवून निलीपासूनचं अंतर मोजलं. चांगलंच कमी झालं होतं. तेव्हा पहिल्यांदा मला ते आठवलं. नवस.

दोन आठवड्यांनी ऱ्होड्सही गेलं. उरलं सायप्रस. मेईरने दोवला फोन लावला. मी दुसऱ्या बाजूने कान लावला.

"सायप्रसला बघायचं काय?"

"समुद्र," दोव म्हणाला.

"तो आम्हाला अश्केलोनमध्ये घराच्या गच्चीतून दिसतो."

"हो, पण त्यात तेल जळत नाही. म्हणून तो फुकट आहे."

त्या दिवसापासून मी रेडिओच्या बातम्यांना घाबरू लागले. तेल विकणाऱ्या देशांची बैठक भरली म्हटलं की मला घाम फुटे. दुकानात बायका सरकारला शिव्या देत, इराणच्या शहाला देत, कुणी कुणी शेख लोकांना देत. मी आपली मान खाली घालून वांगी निवडत असे. शेवटी एका शुक्रवारी दिव्यांपुढे मी हळूच म्हटलं, "एलियाहू, फार लांब नको म्हटलं होतं. सायप्रस चालेल. आता तिथंच थांबावं." पण बोललेला नवस आणि शिवायला टाकलेला ब्लाउज मधेच बदलता येत नाही, हे मला कळायला हवं होतं.

जुलैत निघण्याचा दिवस उजाडला. आम्हाला पोचवायला धाकटे दीर शमशोन व्हॅन घेऊन आले. व्हॅनमध्ये सासूबाई, निली, योखेवेद (तिला खात्री करून घ्यायची होती), करंज्यांचा डबा आणि सांदणांचं मोठं पातेलं. हैफाच्या धक्क्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, "माणूस बोटीत चढलं की बोट हलेस्तोवर पाठ फिरवायची नाही. आमच्याकडची रीत आहे."

पासपोर्टवर शिक्के बसले. निलीचा मुका घेऊन मी शिडी चढले, आणि सांगायला हरकत नाही, सतरा वेळा मागं वळून पाहिलं. कठड्याशी येऊन हात हलवू लागले. खालून सगळे हात हलवू लागले. अर्धा तास झाला. हात दुखले म्हणून बदलले. तास झाला. धक्क्यावर सांदणं उघडली गेली.

मग कर्णा खरखरला. दोव बोलत होता. तेल कालपासून पुन्हा महागलं आहे. इंजिन चालू केलं तर प्रत्येकाला भाडं दुप्पट पडेल. परंतु आनंदाची बातमी अशी की कंपनी एक पैसाही वाढवणार नाही. जेवण, बँड, पोहण्याचा हौद, सगळं ठरल्याप्रमाणे चार दिवस मिळेल. फक्त जहाज इथंच उभं राहील.

मेईरचं तोंड उघडं राहिलं ते मी दोन बोटांनी मिटवलं. लोक दोवला शोधत धावले. मी जागची हलले नाही. निलीपासून फार लांब नको म्हटलं होतं. निली चाळीस पावलांवर करंजी खात होती.

"मग आम्हाला उतरू द्या," मेईर शिडीवरच्या अधिकाऱ्याला म्हणाला.

"शिक्का बसलाय. कायद्याने तुम्ही देशाबाहेर आहात."

"मी आईशी बोलतोय इथून."

"परदेशातून बोलताय."

खालून सासूबाई ओरडल्या, "हलली का गं?"

"नाही, आई."

"मग आम्ही कशा जाणार?"

त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या आणि मग रीत मोडू नये म्हणून जहाजाकडे तोंड करून, उलट्या पावलांनी, शमशोनचा हात धरून व्हॅनपर्यंत गेल्या. रात्री निली, योखेवेद सगळ्यांना घेऊन हैफातल्या माझ्या नणंदेकडे राहून सकाळी पुन्हा हजर, कारण बोट अजून हललेली नव्हती. असे चारही दिवस. आणि मी चारही दिवस कठड्यावरून.

"आई, टोपी घाला तिला."

"आई, दूध गाळून दिलं का?"

"आई, ते काय खातेय ती?"

"गप बस गं, परदेशी बाई," खालून योखेवेद.

मागं बँड वाजत होता. जहाज दोरांनी बांधलेलं होतं, तरी मला बोट लागली. (डॉक्टर म्हणाला, अशी केस त्याने पाहिली नव्हती.) तिसऱ्या दिवशी मी कठड्यावर ओणवून रडकुंडीला येऊन "निली, निली" करत होते, तेव्हा निलीने करंजीतून डोकं वर काढलं. माझ्या बालवाडीत माझ्याबरोबर रोज येणारं माझंच लेकरू, हिब्रूत, अगदी माझ्या सुरात म्हणालं, "जा, इमा. मागं वळून पाहू नको."

घरी परतल्यावर मी पोहे भिजत घातले. मेईरने विचारलं, "मलिदा? कशाबद्दल? सहल बुडाल्याबद्दल?" मग मी सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी गुडघेदुखीचा बोल. जगाला त्रास होणार नाही."

तेवढ्यात सासूबाई पदराआड काहीतरी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "पोहे जास्त भिजव," त्या म्हणाल्या. "मलाही फेडायचाय."

"तुम्ही कसला नवस केला होता, आई?"

"हाच की, चार दिवस पोर माझ्या एकटीच्या हाती राहू दे. तिच्या आईची लुडबूड मधे नको."

त्यांनी पदराआडून हात काढला. हातात नारळाची एकच वाटी होती.

"अर्धाच पावला," त्या म्हणाल्या. "म्हणून अर्धाच आणलाय. दुसरी वाटी तू घाल. तोंड तुझंच होतं."