फ्रीजमागची पर्यायी व्यवस्था

पुसदच्या लक्ष्मीविहार कॉलनीतील रहिवासी पुंडलिकराव यांच्या फ्रीजची पाण्याची नळी उंदराने कुरतडली. ही बाब त्यांनी तत्काळ गांभीर्याने घेतली, म्हणजे खुर्ची ओढून बसले. पाणी तोवर स्वयंपाकघर पार करून देवघराच्या उंबऱ्याला लागले होते. पत्नी सत्यभामाबाई फडके घेऊन धावल्या, मुलगी अर्पिताने भिंतीवरचा कॉक बंद केला आणि पुंडलिकराव म्हणाले, "कोणी काही हलवू नका बरं! आधी स्थळपाहणी होऊ द्या."

अख्खी हयात त्यांनी सरकारी खात्यात तांत्रिक मान्यता देण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर मान्यता मागायला कोणी येईना, म्हणून माणूस आतून सुकत चालला होता. उंदराने त्यांना जीवदान दिले म्हणा ना.

फ्रीजही साधासुधा नव्हता. त्याच्या दारात एक खाच होती. खाचेत पेला टेकवला की थंडगार पाणी यायचे. गच्चीवरच्या टाकीपासून फ्रीजच्या पाठीपर्यंत एक बारीक नळी होती आणि त्या नळीवर घराची इज्जत उभी होती. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग बाकीच्या गोष्टी. ते पाणीच दारातून यायला लागल्यावर पुंडलिकरावांच्या पुढे जाणार कोण? ढाणकीच्या पाहुण्यांना त्यांनी फोनवर छाती फुगवून सांगितले होते, "आमच्या घरी पाणी मागावं लागत नाही जी. आपोआप येते."

हे पाहुणे रविवारी अर्पिताला पाहायला येणार होते. मुलगा अक्षय बँकेत होता. अर्पिता त्याच्याशी फोनवर बोलली तेव्हा चक्क हसली होती, आणि ही पोरगी उगाच हसणाऱ्यांतली नव्हे. थोडक्यात, रविवारी पाणी आले नाही तर बाप थापाड्या ठरणार होता आणि जमत आलेली सोयरीक ओल्या फरशीवरून घसरणार होती.

"वीतभर नळी तं आणायची आहे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "चौकातून घेऊन या न."

"अवं, नळी अशी आणत नसतात. नळीची निवड होत असते."

लगेच नळी निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष पुंडलिकराव, सचिव पुंडलिकराव, तांत्रिक सदस्यही पुंडलिकरावच. सत्यभामाबाईंना महिला प्रतिनिधी म्हणून घेण्यात आले आणि त्यांच्याकडे चहाचे खाते सोपवण्यात आले. पहिल्या बैठकीत सर्व ठराव एकमताने मंजूर झाले.

चौकातल्या अब्दुल गनींनी हार्डवेअरच्या दुकानातून नळी काढून समोर ठेवली. "साहेब, ये लेके जाओ. ऊपर से स्टील की जाली है. चूहे का बाप भी आया तो दांत तोड़के जाएगा. अन् जराशी लंबी घ्या, फ्रीज पुढं ओढायले ढिली पाहिजे."

"पसंत आहे," पुंडलिकराव म्हणाले. "पण एकाच दुकानात पसंत पडली म्हणून घेता येत नाही. तुलना लागते."

"दुसऱ्या दुकानात गेल्यावर ही खराब होईन काय?"

हा प्रश्न नियमात बसत नव्हता. पुंडलिकराव तुलनेला निघाले. पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीबद्दल उंदराने आपला अभिप्राय आधीच दिला होता. तांब्याची नळी मात्र सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी उचलून धरली. तांब्याचे पाणी गुडघ्याला चांगले, पित्ताला चांगले, केसांनाही चांगले, असे केस नसलेल्या एका गृहस्थाने सांगितले. दुसरा गट म्हणाला, तांबे वाकले की चेपते. समितीत मतभेद झाले. पुंडलिकरावांनी पुंडलिकरावांचे म्हणणे फेटाळले. मग तज्ज्ञांचे मत म्हणून फ्रीजच्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवून कंपनीने कळवले की, नळी आमचा माणूसच जोडेल, तो पुढच्या आठवड्यात येईल आणि बाहेरची नळी जोडल्यास हमी रद्द.

"हमी गेली चुलीत!" असे पुंडलिकराव शनिवारी संध्याकाळी म्हणाले. मान्यता देणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य म्हणजे अनर्थच होता. ते धावत चौकात गेले.

"ती नळी? ती तं गेली," अब्दुल गनी म्हणाले. "तुमच्या शेजारचे भीमराज साहेब घेऊन गेले."

"त्यायनं तुलना नाही केली?"

"नाही जी. त्यायच्या घरी पाणी गळून राह्यलं होतं."

आता बोला! रविवार उजाडला आणि पुंडलिकरावांनी पर्यायी व्यवस्था जाहीर केली. शेतातल्या कपाशीसाठी आणलेला, पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप अजून खोक्यातच होता. कोरा करकरीत, औषधाचा थेंबही न लागलेला. त्यात पिण्याचे पाणी भरायचे, फ्रीज स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून त्याचे तोंड बैठकीकडे करायचे, पंपाची नळी त्याच्या पाठीला जोडायची आणि मागे उभे राहून दांडा हलवायचा. कंपनीचा नियम बाहेरच्या नळीविरुद्ध होता. फवारणी पंपाबद्दल कंपनी गप्प होती.

"पंप कोणाच्या पाठीवर?" सत्यभामाबाईंनी विचारले आणि नवऱ्याच्या नजरेतून उत्तर वाचले. "मले? मले कायले?"

"मग कोण? अर्पिताले पाहायलेच येऊन राह्यले ते. अन् मी मागं गेलो तं बोलन कोण?"

"अन् मी दिसली नाही तं पाहुणे विचारतीन न."

"कोणी विचारत नाही," पुंडलिकराव ठामपणे म्हणाले.

आणि खरोखर कोणी विचारले नाही. पाहुणे आले, बसले. मुलाच्या वडिलांनी कौतुकाने पेला फ्रीजच्या दारात टेकवला. ठरल्याप्रमाणे पुंडलिकराव मोठ्याने खोकले. मागे नव्या साडीचा पदर खोचून, पाठीवर पंप घेऊन उभ्या असलेल्या सत्यभामाबाईंनी दांडा मारला. खटक-खटक! पाणी आले!

"वा! पण हा आवाज कायचा जी?"

"कंप्रेसर. नवीन तंत्रज्ञान."

मग काय विचारता! जो तो पेला टेकवू लागला. तहान भागली तरी हौस भागेना. सत्यभामाबाईंनी हात बदलला की धार बारीक व्हायची. पुंडलिकराव सांगायचे, "पाण्याची बचत करते." एकदा सत्यभामाबाईंनी सगळा राग दांड्यावर काढला, तेव्हा धार पेल्यावर आपटून थेट मुलाच्या वडिलांच्या चष्म्यावर उडाली. ते चष्मा पुसत म्हणाले, "प्रेशर जबरदस्त आहे हो!"

इतक्यात मुलाची आई तानाबाई स्वयंपाकघर पाहायला उठल्या. पुंडलिकराव स्वयंपाकघराच्या दारापर्यंत धावले, पण तोवर तानाबाई फ्रीजमागे डोकावल्या होत्या. संपलं सगळं, पुंडलिकरावांनी डोळे मिटले.

"अवो माय, घामानं चिंब झाल्या तुमी," तानाबाईंचा आवाज आला. "आना इकडं तो पट्टा. घटकाभर बसा."

"तुमी कायले? पाहुण्या तुमी..."

"सवय आहे मले. आमच्या घरची धुण्याची मशीन बी अशीच आपोआप चालते."

पंप तानाबाईंच्या पाठीवर गेला. बैठकीतून त्यांच्या नवऱ्याचा आनंदी आवाज आला, "आता तं आणखीच मस्त चालून राह्यली मशीन!" पुंडलिकरावांना इतके हलके वाटले की त्यांनी येऊन स्वतःही एक पेला प्यायला.

कांदेपोहे झाले. रीतीप्रमाणे मुलाच्या वडिलांनी विचारले, "पोरी, तुले काही विचारायचं आहे काय आमच्या अक्षयले?"

अर्पिताने अक्षयकडे सरळ पाहिले. "तुमच्या घरी फ्रीजच्या मागं काय असते?"

"फ्रीजच्या मागं?" अक्षय गोंधळला. "भिंत असते."

दोन्ही बाप खो खो हसले. पुंडलिकराव जरा जास्तच.

"आमच्या घरी सध्या तुमची आई आहे," अर्पिता म्हणाली.

खटक-खटक थांबले. पुंडलिकरावांचे हसू तोंडातच राहिले. अक्षय उठला, आत गेला, आणि आईच्या पाठीवरचा पंप काढून त्याने आपल्या पाठीवर चढवला. उलटा चढवला, गडी बँकेतला! ते पाहून अर्पिताला फोनवर आले होते तेच हसू आले, आणि सोयरीक तिथेच फ्रीजमागे ठरली. तानाबाई आणि सत्यभामाबाई खुर्च्यांवर टेकून पहिल्यांदाच निवांत पोहे खायला बसल्या.

बैठकीत दोघे बाप रिकामे पेले धरून होते. पुढची बैठक कोणी बोलावली नाही. शेवटी पुंडलिकराव सवयीने मोठ्याने खोकले. वाट पाहिली. पुन्हा खोकले. पाणी काही आले नाही.

तुम्ही हे घरीच वाचत असाल, तर एकदा खोकून बघा. चहा आलाच, तर पिण्याआधी उठून मागे डोकावा.