बंडूगुरुजींचा सोलो

आमचे शेजारी बंडूगुरुजी इंग्रजी रॉक गाणी ऐकतात, पण गाणं सोडून. गायकानं तोंड उघडलं की यांचा अंगठा मोबाइलवर पुढे सरकतो, तो थेट गिटारच्या सोलोपाशी थांबतो. म्हणजे मधला तो तुकडा, जिथे गाणारा गप्प बसतो आणि एकटी गिटार बोलते. "गाणाऱ्याचं काय आयकाचं? मीबी दिवसभर बोंबलूनच राहिलो," हे त्यांचं म्हणणं.

अमरावतीतल्या आमच्या गल्लीत त्यांनी लग्न लावलं नाही असं घर नाही. माझंही त्यांनीच लावलं; ती तक्रार वेगळी. सोवळं नेसून, पोटावर पळी आडवी धरून, तिच्यावर बोटं नाचवत हे ओट्यावर बसले की नवा कुरिअरवाला पाकीट लांबूनच टाकून पळतो.

आवडीनिवडी मात्र कडक. एका सोलोत मोजकेच सूर आहेत, एकेक तार ताणून वाजवलेली. तो लागला की, "आयक, तार कशी रडून राहिली!" दुसऱ्यात दोन गिटारी भांडतात, तेव्हा गुरुजींचं डोकं असं हलतं की शेंडीची गाठ सुटते. पण शेवटी आवाज नुसता बारीक होत विरून जाणारा सोलो लागला, की ते भडकतात. "हा काय निरोप झाला? सांगून जाव ना! सोलो कसा पायजे? आला, बोलला, गेला. संपवता आलं पायजे, भाऊ!"

हाच कायदा लग्नात. मंगलाष्टकं म्हणायला कुणाची मावशी उभी राहिली की एका कडव्यानंतर गुरुजी तिच्या हातातला माइक काढून घेतात. "झाला तुमचा सोलो!" माझ्या लग्नात त्यांनी माझ्या आत्यालाही असंच तोडलं. ती अजून त्यांच्याशी बोलत नाही.

यंदा त्यांच्या रेवाचं लग्न झालं. आई नसलेली एकुलती पोर, घरात दोघंच. मुलगा अकोल्याचा. गुरुजी सगळ्यांना सांगत फिरले, "अकोला काय विलायतेत हाये? सकाळी जाव, संध्याकाळी वापस."

लग्न लावायला अकोल्याचे गुरुजी होते. अंतरपाट धरला गेला, आणि वधूपित्यानं एक मंगलाष्टक म्हणायला माइक घेतला. एक झालं. दुसरं झालं. मग तिसरं, जे कुणी कधी ऐकलं नव्हतं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली यायला लागले, लोकांच्या मुठीतल्या अक्षता संपल्या, अकोल्याचे गुरुजी घड्याळ दाखवू लागले. आमच्या आत्याला तर मनापासून आनंद झाला. "आता काहून नाई थांबून राहिला हा?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

शेवटी हार हातात धरलेली रेवाच वडिलांकडे वळली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आला, बोलला..."

गुरुजींनी माइक सोडला नाही. "जराकसं थांब वं माय," ते म्हणाले. "हे सरलं का तू चालली ना."

माइक सुरूच होता. अख्ख्या मांडवानं ते ऐकलं. आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

मग गुरुजींनी शेवटचं 'सावधान' म्हणायला घेतलं. ते बारीक बारीक होत गेलं, आणि नेमकं कुठं संपलं ते मला आजही सांगता येणार नाही. बँडवाल्यालाही ते कळलं नाही. तो ट्रम्पेट तोंडाशी धरून तसाच उभा राहिला.